वरची पिन विहीणबाईंची

ही माझ्या तरुणपणातली गोष्ट आहे. तरुणपण म्हणजे साठी नुकतीच उलटली होती तेव्हाचं. हसू नका. त्या वयात गुडघे माझं ऐकायचे, एकाच चष्म्यावर दूरचं-जवळचं सगळं दिसायचं, आणि अक्कल तेवढी अजून यायची होती.

नोकरी संपल्यावर मी गाडी शिकले. आमच्या सिडकोतल्या गल्लीत माझ्या वयाच्या बायका संध्याकाळी बागेत फेऱ्या मारायच्या आणि ही बाई, म्हणजे तेव्हाची मी, त्यांच्या शेजारून उगाच हॉर्न वाजवत जायची. मला आज ती भेटली तर कान धरून खाली उतरवीन तिला. पांढरी छोटी गाडी, मागच्या काचेत नातीनं चिकटवलेलं फुलपाखरू आणि स्टिअरिंगमागं नाकाचा शेंडा वर करून बसलेली ही. जणू विमानच चालवतेय.

सगळं छान चाललं असतं, पण मला विहीणबाई होत्या.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. राहायला पडेगावला, दौलताबादच्या रस्त्याला लागून त्यांचं शेत. शेतात गोठा, गोठ्यात म्हशी, आणि दुधाचे कॅन घेऊन बाई स्वतः जीप चालवत रोज शहरात यायच्या. ट्रॅक्टरही चालवायच्या. मी उतारवयात गाडी शिकले म्हणून नातेवाइकांत माझं जे काही कौतुक होतं, ते त्यांनी न सांगता, नुसतं जीपमधून उतरून संपवलं होतं. वर दिसायलाही ठसठशीत. उन्हातान्हात राबून चेहरा असा चमकायचा की मी सनस्क्रीन लावून लावून कंटाळले होते.

आणि एवढ्यावर थांबतील तर त्या विहीणबाई कसल्या! मुलाकडच्या. म्हणजे रीतीप्रमाणं मान त्यांचा. त्या आल्या की मी पुढं होऊन पाणी द्यायचं, साडीचा मान त्यांचा आधी, पाटावर पहिल्या त्या. बरं, बाई एवढ्या चांगल्या की राग यायला जागा ठेवायच्या नाहीत. "नका हो ताई, कशाला एवढं करता," म्हणायच्या, आणि मग सगळं घ्यायच्या.

आमच्या दोघींत एक नात. लेकीची एकुलती एक. तिचे आईबाप दोघं नोकरीवाले, गारखेड्यात फ्लॅट. जूनपासून पोरगी मोठ्या शाळेत जाणार होती आणि सकाळी तिला सोडणार कोण, हा प्रश्न दोन्ही घरांत घोळत होता. मला ते काम हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, रात्री डोळा लागायच्या आधी मी तो रस्ता मनात चालवून बघायचे. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, उतरताना तिच्या वेणीची रिबीन कशी सारखी करायची. जगातल्या इतर आज्यांनी फाटकापाशी उभं राहून बघायचं.

विहीणबाईंनी एकदा जेवताना सहज म्हणून सांगितलं, "मी तर येतेच की दूध घेऊन सकाळी. जीपमधी बसवीन लेकराला पुढं."

मी घास ताटात परत ठेवला. दुधाच्या कॅनसोबत माझी नात! आणि पोरगी काय म्हणाली असेल?

"हो! पडेगावच्या आजीच्या जीपमध्ये! उंच असते ती!"

उंच असते. मी माझ्या गाडीकडं खिडकीतून बघितलं. बसकी, पांढरी, बिचारी. मला तिची दया आली आणि माझीही.

लेक म्हणाली, "बघू गं आई. जून येऊ दे. मला फक्त एवढंच हवंय की पोरगी नीट जाईल."

नीट. या एका शब्दावर मी सगळा डाव मांडला. जीप उघडी, धूळ, दुधाचा वास, आणि माझी गाडी बंद, स्वच्छ, पट्टे लावलेली. नीटपणात मीच जिंकणार होते.

आता गाडीच्या तब्येतीकडं येते. आधीच्या दसऱ्याला विहीणबाई सोनं द्यायला आल्या तेव्हा त्यांनी एक डबा ग्रीस आणलं होतं. त्यांच्याकडं नांगर, ट्रॅक्टर, जीप, सगळ्याला खंडेनवमीला तेलपाणी होतं, पूजा होते. "उरलंय, ठेवा तुमच्या गाडीला," म्हणाल्या. डबा मी घेतला आणि लगेच माझ्या मनात आलं, या स्वतः ट्रॅक्टरला ग्रीस लावतात आणि मी काय नुसतं हळद-कुंकू लावते? हे काही बरं नाही.

म्हणून मी मोबाइलवर बघून बघून डावं पुढचं चाक काढलं. आमचे हे चितेगावच्या एका कारखान्यात जन्मभर मेंटेनन्सला होते. त्यांना विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण विचारलं तर ते करतील, आणि मग करण्याचा मान त्यांचा. ते दुपारी झोपलेले असताना मी हे केलं. चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा एक चिमटा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. ब्रेक दाबला की चिमटा तबकडी आवळतो, पाय काढला की सैल होतो. हा चिमटा एका वर, एका खाली अशा दोन पिनांवर मागंपुढं सरकतो. पिना सुळसुळीत राहिल्या पाहिजेत, एवढं मला त्या व्हिडिओतून कळलं. मग काय, खालची पिन ओढून काढली आणि भाकरीला लोणी लावावं तसं ग्रीस थापलं. वरच्या पिनेपर्यंत वाकताना कमरेत कळ आली, म्हणून ती तशीच सोडली. उजव्या चाकाचं उद्या बघू म्हटलं. ते उद्या कधी आलं नाही. पण बागेतल्या बायकांना मात्र दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "गाडीचं सगळं मीच बघते."

उन्हाळा लागेपर्यंत गाडी डावीकडं ओढायला लागली होती. स्टिअरिंग जरा उजवीकडं धरून ठेवलं की सरळ जायची. मी धरून ठेवत होते. डाव्या चाकावर काळी भुकटी जमायची. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत होते. हे एकदा म्हणाले, "गॅरेजला दाखवून आण."

"दाखवली," मी म्हणाले.

तोंडावर सांगितलं, आणि तेही चहा ओतता ओतता. गाडी गॅरेजला गेली असती तर दोन दिवस घरी नसती, लेकीच्या कानावर गेलं असतं, आणि मग झालंच. जीप उंच असते.

मे महिन्यात एक दिवस विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या शेतातल्या झाडाच्या कैऱ्या उतरवल्या होत्या. "लोणच्याला घेऊन जा. मीबी येते तुमच्याकडं, मिळून घालू." नात सुट्टीमुळं माझ्याकडंच होती. मी ताडकन उठले. ही तर माझी परीक्षाच! विहीणबाईंना मागं बसवायचं, नातीला पट्टा लावायचा, सावकाश, नीट चालवत आणायचं, आणि त्यांनीच लेकीला सांगायचं की तुझी आई लई चांगली चालवते. मी साडीसुद्धा इस्त्रीची नेसले.

पडेगावला गेलो, गोण भरली, निघालो. विहीणबाई मागं, मांडीवर टोपली. नात त्यांच्या शेजारी, हातात मीठ लावलेली कैरीची फोड.

थोडं पुढं आलो असू. वास यायला लागला. जळक्या रबरासारखा, जरा लोखंडी.

मी काही बोलले नाही.

विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. आरशात दिसलं मला. त्याही काही बोलल्या नाहीत. आता त्या बाईंना ट्रॅक्टरचा वास, इंजिनाचा वास, सगळं कळतं. पण दुसऱ्याच्या गाडीत बसून, तेही विहिणीच्या, तुमची गाडी जळतेय असं कसं म्हणायचं? आणि मी तरी कसं म्हणणार? मग त्यांनीच वाट काढली.

"कुणीतरी कचरा पेटवला वाटतं हिकडं."

"हो ना," मी लगेच. "लोकांना काही काळवेळच नाही."

"रानात पाचट जाळत असतील."

"असेल. पाचटच असेल."

मे महिन्यात उसाचं पाचट! दोघींनाही ठाऊक होतं. काच खाली केली, तर वास अजून आत आला. काच वर केली.

"आज्जी," नात म्हणाली, "तुझ्या गाडीतून धूर येतोय."

"नाही गं राणी, तो बाहेरचा..."

"चाकातून येतोय. ते बघ."

छावणीच्या अलीकडं एका लिंबाखाली मी गाडी थांबवली. डाव्या चाकातून खरंच धूर निघत होता, बारीक, निळसर. मी पटकन पाण्याची बाटली काढली आणि चाकावर ओतायला वाकले. विहीणबाईंनी माझं मनगट पकडलं.

"अवो, तापल्या तव्यावर पाणी नका टाकू. तडा जाईल त्याला. गार होऊ द्या आपोआप."

मनगट सोडवून घेताना मला वाटलं, हिनं बाटली फोडली असती तरी चाललं असतं, पण बरोबर नको होतं बोलायला.

ह्यांना फोन केला. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डावंच चाक ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोज तेवढंच पुसतेस. इतकं घासून तू कढई कधी पुसली नाहीस." मग जरा थांबून, "हलवू नका गाडी. विहीणबाईंना विचार, पडेगावला नेता येईल का. मी सामान घेऊन तिकडंच येतो रिक्षानं."

मी विचारायच्या आधीच विहीणबाई रस्त्यावर रिक्षाला हात करत होत्या. "आलेच ट्रॅक्टर घेऊन. घरी कोणी नाय, आमच्या ह्यांच्या भाचीचं अजिंठ्याला लग्न आहे, सगळी तिकडं गेलीत. मीच आणते."

आणि आणला. मी, माझी नात आणि माझी गार होत चाललेली गाडी, तिघी लिंबाखाली उभ्या, आणि समोरून विहीणबाई ट्रॅक्टरवर येताना. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला पंचा, बसण्यात असा ऐटबाजपणा की रस्त्यावरचे दोन दुचाकीवाले मागं वळून बघून गेले. नात टाळ्या पिटायला लागली.

"पडेगावची आजी! पडेगावची आजी आली!"

त्या क्षणी मला त्या ट्रॅक्टरचं काहीतरी बिघडावं असं फार वाटलं. मोठं नको. एखादं टायर.

दोर बांधला, सावकाश निघालो. चाक गार झाल्यावर जरा सुटलं होतं, कुरकुरत फिरत होतं. मी स्टिअरिंगवर, नात शेजारी पट्ट्यात, आणि पुढं विहिणीच्या ट्रॅक्टरची पाठ. अख्खा रस्ताभर पोरीनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. तिची नजर त्या पाठीवर. "आज्जी, तुझी गाडी आता ट्रॉली झाली ना?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "कैरी खा."

पडेगावच्या अंगणात हे आधीच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले, कमरेला पट्टा. पिशवीत पाने, गंज सोडवायचा फवारा, नवीन ब्रेक पॅड, पिनांवर चढवायचे रबराचे बूट, आणि एक छोटी ट्यूब. म्हणजे वाटेत दुकानावर थांबून आलेले. त्यांची पाठ त्यांना वाकू देत नव्हती, एरवी त्यांनी मला हात लावू दिला नसता.

मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले केले, मग जॅक लावला, खाली लोखंडी घोडी सरकवली, कारण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नये, एवढं ह्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. चाक काढलं. आणि मग काम थांबलं.

थांबलं कारण विहीणबाई पाना घेऊन बसल्या आणि मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुम्ही नाही हात लावायचा. मुलाकडच्या तुम्ही. उद्या लोक काय म्हणतील, विहिणीला गाडीखाली घातली!"

"अन् तुम्ही माझ्या दारात पाहुण्या. तुमचे हात काळे करून पाठवू का मी?"

"गाडी माझी आहे."

"अंगण माझं हाय."

"मानाचं माणूस आहात हो तुम्ही."

"मग मानानं म्हणते, द्या पाना."

पाना एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं. नात गोठ्याच्या ओट्यावर बसून आमच्याकडं बघत होती, मॅच बघतात तसं. शेवटी ह्यांनी खुर्चीचा हात थोपटला.

"दोन पिना आहेत ना? एकीनं वरची काढा, एकीनं खालची. आणि भांडण पिनांशी करा."

वरची विहीणबाईंनी घेतली. मी कशी घेणार, कमरेत कळ. खालची माझी.

कॅलिपर वर उचलला आणि तारेनं बांधून ठेवला, ह्यांनी सांगितलं तसा. नळीवर लोंबकळला तर नळी फाटते. जुनी पॅड काढली. एक पॅड एका बाजूनं झिजून पाचरीसारखं झालेलं, दुसरं बरंच शाबूत. "बघा," हे म्हणाले, "एका बाजूनंच चावत होतं."

मग विहीणबाईंनी वरच्या पिनेला हात घातला आणि ती आली. सुळकन. काही नाही, फवारा नाही, पिळणं नाही. पिन त्यांच्या हातात, चकचकीत. त्या माझ्याकडं बघून हसल्यासुद्धा नाहीत, हे जास्त लागलं.

माझी मात्र हलेना. पान्यानं धरली, फिरवली, ओढली. फवारा मारला. थांबले. पुन्हा. रबराचा बूट फुगून पिनेला असा चिकटलेला, जणू तिचं लग्नच लागलंय त्याच्याशी. "पुढंमागं फिरव, नुसतं ओढू नको," हे म्हणाले. "हातोडी नको. हातोडी नको म्हणतोय ना!" माझ्या इस्त्रीच्या साडीवर काळे पट्टे. घाम डोळ्यात. शेजारी विहीणबाई त्यांची ती पिन घासणीनं पुसत बसलेल्या, तांब्याचा तांब्या घासावा तशा, कौतुकानं.

"ताई, द्या, मी बघते जरा."

"नको!"

नातीनं तेवढ्यात विचारलं, "पडेगावच्या आजीची पिन लगेच कशी आली?"

मला वाटलं, आता रडू येईल, आणि मी रडले तर तेही विहीणबाईंच्याच पारड्यात जाऊन पडेल, की बाईला पिनसुद्धा काढता आली नाही, पोरगी काय सोडणार शाळेत. या भीतीनं की काय, मी दोन्ही पाय जमिनीत रोवले, फवारा मारला, आणि डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं, विळीला धार लावतात तसं. कुठंतरी कुरकुर झाली. मग बूट सोडून पिन माझ्या मांडीत येऊन पडली.

तिच्यावर पिवळसर, चिकट, घट्ट झालेलं ग्रीस होतं.

ह्यांनी ती हातात घेतली, नाकाला लावली. "हे साधं ग्रीस आहे. ट्रॅक्टरचं. ब्रेकच्या पिनेला सिलिकॉनचं लागतं. हे रबराला लावलं की रबर फुगतं आणि पिन गिळून टाकतं. कोणी लावलं?"

मी एक क्षणही दवडला नाही. बोट सरळ केलं. "यांचा डबा."

विहीणबाईंचा चेहरा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं दिसलं. "मी डबा दिला. पण दाराच्या बिजागरीला म्हणलं होतं ना मी! दार कुरकुरतंय म्हणलं होतं तुम्ही!"

"तुम्ही म्हणालात, गाडीला ठेवा."

"गाडीच्या दाराला!"

"वरच्या पिनेला का नाही लावलं मग?" हे शांतपणे म्हणाले.

मी कंबर धरली. मग विहीणबाई फस्सकन हसल्या, तोंडावर हात घेऊन, खांदे हलेपर्यंत. "म्हणजे माझी पिन चांगली निघाली ती तुमच्या कमरेमुळं व्हय?" आणि मला, त्या मूर्ख बाईला, हसण्याआधी आनंद झाला. म्हणजे ती पिन काढण्यात त्यांचं काही कर्तृत्वच नव्हतं!

पुढचं काम शिस्तीत झालं. दोन्ही पिना घासून स्वच्छ केल्या, नवीन बूट घातले, ट्यूबमधलं ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लावलं. "पापणीला काजळ लावता तसं," हे म्हणाले, "पोळीला तूप लावता तसं नाही." पॅडला आतून दाबणारा पिस्टन मागं ढकलायला विहीणबाईंनी त्यांच्या सुताराचा क्लॅम्प आणला. मी ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून बघत राहिले, पिस्टन मागं गेला की तेल वर येतं आणि रंगावर सांडलं तर रंग खातं. पॅड बसली. चाक चढलं. हातानं फिरवलं तर फिरत राहिलं, मागच्या कित्येक महिन्यांत फिरलं नव्हतं तसं मोकळं.

मग ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, काय करते? नातीसमोर मिरवायला उडी मारून स्टिअरिंगवर बसते आणि गाडी चालू करते.

"थांब!" ह्यांचा आवाज मी लग्नानंतर एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "आधी पेडल! पेडल दाब!"

मी ब्रेक दाबला. पाय सरळ तळाला. काहीच नाही, पोकळ. समोर कडब्याची गंजी होती आणि गंजीपलीकडं म्हैस. पिस्टन मागं ढकलल्यावर ब्रेक दाबून दाबून घट्ट होईपर्यंत गाडी इंचभरही हलवायची नसते. बोलता-बोलता हे तेवढंच सांगायला विसरले होते. आजही कोणी ब्रेकचं काम करत असेल तर मी सगळ्यात आधी हेच सांगते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मी दाबत बसले. हळूहळू पेडल वर आलं, घट्ट झालं. अंगणात दोन फेऱ्या सावकाश मारल्या. सरळ जात होती, स्टिअरिंगवर हात ढिला सोडला तरी.

विहीणबाईंनी हात धुवायला राख आणि साबण आणला. दोघी नळाशी उभ्या. काळं निघेना. मी म्हणाले, "लेकीला काही सांगायला नको. उगाच काळजी करत बसेल."

"नाय सांगत. मी तरी काय तोंडानं सांगू? मीबी म्हणलेच की कचरा."

तेव्हा मला कळलं की विहीणबाईंनाही तेच हवं होतं. सकाळची ती पाच मिनिटं. वेणीची रिबीन. एवढा वेळ मी समजत होते की तिला सगळं मिळालेलं आहे, म्हणून ती इतकी निवांत आहे. तीही माझ्याकडं बघून तळमळत होती, तिला माझी बंद, पट्टे लावलेली, नीट गाडी हवी नव्हती का? होती. डोळ्यांत दिसलं मला. सांगते, फार बरं वाटलं. एवढं बरं मला ब्रेक सुटल्यावरही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी लेक पडेगावलाच आली, पोरीला न्यायला. काही सांगू नको म्हणून पोरीला मी कुल्फीचं वचन दिलं होतं, विहीणबाईंनी वासरासोबत फोटोचं. पोरीनं दोन्ही वसूल केलं होतं. आईच्या कडेवर चढली आणि म्हणाली, "मम्मी, आजीच्या चाकातून धूर आला आणि दोन्ही आज्या म्हणाल्या कचरा जळतोय."

लेक माझ्याकडं वळली. "आई, गाडी पेटली होती आणि तू काय म्हणालीस?"

"पाचट."

"आणि आत्या, तुम्ही?" लेक सासूबाईंना आत्या म्हणते.

"कचरा म्हणले आधी मी."

लेकीनं आमच्या चार काळ्या हातांकडं बघितलं. ओरडली असती तर परवडलं असतं. ती शांत झाली. "ठीक आहे," म्हणाली.

जूनमध्ये शाळेची व्हॅन लावली.

पिवळी व्हॅन, आणि त्यात मुलांना चढवायला-उतरवायला एक मावशी. पहिल्या दिवशी मी गारखेड्यात फाटकापाशी उभी होते. विहीणबाईही दूध घालून आलेल्या, जीप लांब लावून. त्या मावशीनं दार उघडलं, माझ्या नातीचा हात धरला, आणि बसवताना सहज, अगदी सहज, तिच्या वेणीची रिबीन सारखी केली.

पोरगी तिच्याकडं बघून हसली. आमच्याकडं हात करायचा विसरली.

व्हॅन वळली. "व्हॅनच्या मागच्या चाकातून आवाज येतोय का हो?" मी म्हणाले.

"मलाबी वाटलं," विहीणबाई म्हणाल्या. "जरा कुरकुरतंय."

काही कुरकुरत नव्हतं. चांगली ठणठणीत होती व्हॅन. आम्ही दोघी बराच वेळ तिथं उभ्या राहून तिचा दोष शोधत होतो. पावसाळाभर शोधला. मावशी फार बोलते. मावशी पान खाते. मावशीनं पोरीला कसलं तरी गाणं शिकवलं, आम्ही शिकवलेली गाणी सोडून पोरगी तेच म्हणते. असं सगळं बोलायला मला जगात एकच माणूस होतं आणि ते पडेगावला राहायचं. म्हणून मी जायला लागले. रिकाम्या हातानं कशी जाणार, म्हणून गाडीचं निमित्त. उजव्या चाकाच्या पिना तिथंच काढल्या, पॅड दोन्ही चाकांची सारखी हवीत म्हणून तीही बदलली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत, त्या अंगणात ब्रेक उघडतो. एका वर्षी वरची पिन त्यांची, पुढच्या वर्षी माझी, असं ठरलंय. कागदावर नाही, पण आठवण दोघींना पक्की आहे. हे खुर्चीवर. विहीणबाईंचे केस आता पूर्ण पांढरे झाले, मला थोडं बरं वाटतं. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत, ते बरं वाटत नाही.

यंदा नात आली होती. उंच झालीय, आमच्या दोघींच्या डोक्यावरून बघते. व्हॅनही सुटली, सायकलनं जाते. म्हणाली, यंदा मी काढते पिना. आम्ही दोघींनी तिला एकदम पाना दिला, दोन पाने दोन हातांनी. तिनं एक घेतला, कोणाचा घेतला ते मी बघितलं. सांगणार नाही.

चाक काढलं तिनं, घोडी लावली, कॅलिपर तारेला बांधला. सगळं बरोबर. मग खालच्या पिनेपाशी अडली. जरा फिरवली, ओढली. आम्ही दोघी उठायच्या तयारीत, पदर खोचून, हात पुढं.

तिनं मान वर केली, आमच्या दोघींच्या मधून पलीकडं बघितलं आणि हाक मारली, "आबा, इकडे या ना जरा. तुम्हालाच कळेल."

आमचे हे खुर्चीतून उठले. कमरेला पट्टा, चेहऱ्यावर असं हसू की वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं. पोरीनं त्यांच्यासाठी खाली पोतं अंथरलं. दोघांची डोकी चाकापाशी एकत्र आली.

विहीणबाई आणि मी ओट्यावर बसलो. कैरीच्या फोडी पुढं होत्या. दोघींनी एकेक उचलली.

"तुमचे हे," विहीणबाई शेवटी म्हणाल्या, "पाना उलटाच धरतात नाय का?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.